इंजिनाआधीचा आवाज

अण्णा नगर, चेन्नई
२२ नोव्हेंबर २००६

काशिनाथराव म्हैसाळकर यांस विद्यालक्ष्मीचा नमस्कार.

माझें पत्र पाहून तुम्ही दचकाल. जवळपास दोन वर्षें मी तुम्हांस लिहिलें नाहीं, तुम्हींही नाहीं. फोन करणार होतें, पण फोनवर मला रडूं येतें आणि मग बोलायचें राहून जातें. माझी मराठी तंजावरची, पणज्यांनीं बरोबर आणली तीच. वरून जन्मभर शाळेंत हिंदी शिकविली, तेव्हां चुका पोटांत घाला. तुमचा अथर्व हंसायचा. "पाट्टी, तुम्ही बखरीसारखं बोलता," म्हणायचा. पाट्टी म्हणजे आजी. माडीवरच्या खोलींत भाडेकरू म्हणून आला आणि पहिल्याच महिन्यांत मला आजी करून टाकलें.

सरी, म्हणजे असो, मुद्द्याचें लिहितें. त्यानें बांधलेली ती वाळूंत चालवायची बग्गी माझ्या शेडांत तशीच उभी आहे. तुम्ही त्या जानेवारींत येऊन पाहून गेलांत, "नंतर नेतो" म्हणालांत, आणि नेली नाहीं. लेकाची वस्तू बापानें कधीं न्यायची तें सांगणारी मी कोण. आमच्या कोपऱ्यावर वेंकटरमण म्हणून मेकॅनिक आहे, ऑटोरिक्षांना गॅस बसवितो. त्यानें गाडी मिळाली त्याच आठवड्यांत इंजिनांतलें समुद्राचें पाणी काढून तेल भरून ठेवलें, म्हणून इंजिन वांचलें. या दिवाळींत त्यानें नवी बॅटरी लावून पाहिली. इंजिन फिरलें, पेटलें नाहीं. बॅटरी तशीच राहिली.

तेव्हांपासून ती वाजते.

रात्रीं पाऊस पडून गेला असला कीं पहांटे वाजते. घुंऽ असा दोन क्षण, मग बंद. तो आवाज मला पाठ आहे. आठवडाभर श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याची बस पकडायची म्हणून कुरकुरत उठणारा मुलगा रविवारीं मात्र माझ्या आधीं उठून शेडांत जायचा. किल्ली फिरवली कीं आधीं हा घुं, मग इंजिन. घुं ऐकून मी कापी, म्हणजे तुमची कॉफी, ठेवायची, इंजिन तापेपर्यंत त्याचा टंबळर भरून तयार. आतां घुं होतें, मी उठतें, कापी ठेवतें, आणि पुढें कांहींच होत नाहीं. मी चुलीपाशीं उभी राहून दुसऱ्या आवाजाची वाट पाहतें. दूध उतूं जातें तरी कळत नाहीं.

त्या २६ डिसेंबरलाही अशीच उठलें होतें. वाळूंत चालवून पाहतों म्हणून समुद्रावर गेला आणि मग सुनामीचें पाणी आलें. बग्गी सुरूच्या झाडांत अडकलेली मिळाली, कोळ्यांनीं ओढून माझ्या दारांत आणून दिली. तो मिळाला नाहीं.

मी भित्री नव्हें. यजमान गेल्यावर या घरांत एकटी राहिलें, चोर आला तेव्हां त्याला हिंदींत शिव्या दिल्या. पण आतां भीति वाटते. ही गाडी घेऊन जा.

तुमची
विद्यालक्ष्मी


म्हैसाळकर गॅस किट सेंटर, मिरज
१ डिसेंबर २००६

बाई, नमस्कार.

पत्र मिळालं. भूत नाही, रिले आहे.

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवली की कंप्युटर पंपाला दोन सेकंद चालवतो. नळीत पेट्रोलचा दाब भरावा म्हणून. दाब भरला की इंजिन सुरू करायचं. तुम्ही ऐकता तो हा पंप. त्याला वीज सोडणाऱ्या रिलेत खारं पाणी गेलंय. मीठ आतच राहिलं, पावसाळी हवेत ते ओल धरतं आणि वीज किल्लीशिवायच पलीकडे जाते. आमच्या धंद्यात असल्या भानगडी रोज बघतो. बॅटरीची वजा बाजूची तार काढून ठेवा, म्हणजे विषय संपला.

आता गाडी का नेत नाही ते. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

अथर्वच्या आईला, रत्नप्रभाला, गाडी सापडल्याचं माहीत नाही. त्या जानेवारीत मी तुमच्याकडून परत आलो तेव्हा ती दारातच उभी होती. पोराबद्दल विचारलं नाही. विचारलं, "गाडी सापडली का?" तिनं तेवढ्या दिवसांत मनाशी धरलं होतं की गाडीसुद्धा नाही म्हणजे तो गाडीतनंच आत कुठंतरी लांब निघून गेला. डोक्याला मार लागला असेल, नाव आठवत नसेल, कुठल्या तरी खेड्यात असेल. गाडी मी डोळ्यांनी बघून आलो होतो. स्टिअरिंगला शेवाळ होतं. आणि मी म्हणालो, नाही.

त्या एका शब्दावर ती उभी आहे. देह मिळाला नाही तर आमच्यात पालाशविधी करतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. गुरुजी दोनदा सुचवायला आले. दुसऱ्या वेळी तिनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. रोज त्याच्या नावची पोळी करते आणि रात्री मीच ती खातो.

तेव्हा गाडी मिरजेत आणता येत नाही. आणि एक विनंती. पत्र फक्त या वर्कशॉपच्या पत्त्यावर टाका. घरी एक अक्षर जाऊ देऊ नका.

काशिनाथ म्हैसाळकर


अण्णा नगर, चेन्नई
२० डिसेंबर २००६

काशिनाथराव,

तुमचें पत्र तीनदां वाचलें आणि तार काढविली. वाजणें थांबलें. तुमचा रिले खरा.

मग मार्गळी महिना लागला. एथें या महिन्यांत सगळी गल्ली पहांटे उठून दारांत रांगोळी घालते, कोंवळ्या पोरी गात जातात. मीही उठायची. शेडांत कांहीं नाहीं. तार काढल्यापासून चार पहांटा, आठ पहांटा, कांहीं नाहीं. आणि परवां पुन्हां घुं झालें. वेंकटरमण धांवत आला, पाहतो तों तार बॅटरीला लावलेली. "मी नाहीं लावली अम्मा," म्हणून देवाची शपथ घ्यायला लागला. त्याला कशाला शपथ घ्यायला लावूं. मी लावली होती. आदल्या दिवशीं पाऊस पडला तेव्हां छत्री घेऊन गेलें आणि माझ्या हातांनीं लावली.

हंसूं नका. आवाज आला कीं भीति वाटते. नाहीं आला कीं तो मेला असें वाटतें. या दोहोंत भीति बरी. संध्याकाळीं गाडीपाशीं दिवाही लावतें, तेंही सांगून टाकतें.

दुसरी गोष्ट. बग्गी ओढून आणणारे कोळी आले होते. दरवर्षीं या सुमारास येतात, दोन मासे घेऊन येतात, मी खात नाहीं हें ठाऊक असून आणतात. त्यांच्या होड्या वाळूंतून वर ओढायला ती गाडी मिळेल कां म्हणून विचारीत होते. वेंकटरमण म्हणतो, कंप्युटर मेला, इंजेक्टर गंजले, आतां पेट्रोलवर आणणें म्हणजे नवी गाडी घेणें. गॅसवर केली तर चालेल. इंजिन चांगलें आहे. गॅसचें तुम्हांस कळतें, म्हणून विचारतें. करूं कां?

आणि रागावूं नका, पण एक विचारतें. त्या ‘नाही’ शब्दावर तुमची बायको उभी आहे कीं तुम्ही?

विद्यालक्ष्मी


मिरज
२ जानेवारी २००७

बाई,

करा. कोळ्यांना द्या. त्यांनी आणली, त्यांचीच आहे.

आता नीट वाचा आणि वेंकटरमणला तमिळमध्ये समजावून सांगा. पेट्रोलची टाकी, पंप, फिल्टर, इंजेक्टर आणि त्यांची नळी, सगळं खाली उतरवा. इंजेक्टरच्या भोकांना पितळी बुचं बसवा, तिथून जरा जरी हवा ओढली तर गाडी जागेवर बंद पडेल. कंप्युटर लागणार नाही. याच इंजिनाच्या जुन्या कार्बुरेटरवाल्या मॉडेलचा, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर बसतो, तुमच्याकडच्या पुदुपेटच्या भंगारबाजारात मिळेल. हवेच्या तोंडाशी मिक्सर, तो गॅस आणि हवा मिसळतो. मिक्सर, रेड्यूसर आणि गॅस बंद करायचा व्हॉल्व्ह मी इथून पाठवतोय. टाकीतला पातळ गॅस रेड्यूसरमध्ये उकळतो आणि उकळताना थंड पडतो, इतका की बाहेर बर्फ धरतो. म्हणून इंजिनातलं गरम पाणी त्याच्यातून फिरवायचं. मोटारीचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन जितका जास्त, तितकी गाडी सकाळी लवकर पेटते.

तुमच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर जोडायचा नाही. वेंकटरमण म्हणेल चालतं. चालत नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघायचं, फेस आला की सांधा उघडून पुन्हा करायचा. आणि तो दिवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीवर पसरून बसतो आणि दिव्याची वाट बघतो. दिवा अंगणात तुळशीपाशी हलवा. शेडाचं दार उघडं ठेवा.

पंप निघाला की तुमचा आवाजही जाईल. तार लावली काय, नाही लावली काय. मग झोपा निवांत.

हे सगळं लिहायला सोपं गेलं नाही. ते इंजेक्शन पोरानं स्वतः जुळवलं होतं. मी फोनवर किती वेळा म्हणालो, कार्बुरेटर टाक, नाहीतर गॅस टाक, सोपं पडेल. तो म्हणायचा, "बाबा, तुम्ही गॅसवाले, तुम्हाला जग गॅसवर न्यायचं असतं." दरवेळी भांडायचो. त्याच्या शेवटच्या फोनवर पण हेच भांडण होतं. आता बघा, शेवटी माझंच खरं झालं. मेलं नको होतं मला ते खरं व्हायला.

तुम्ही विचारलंत ते वाचलं. आता मिक्सर पार्सल करायला निघतो.

काशिनाथ


अण्णा नगर, चेन्नई
११ फेब्रुवारी २००७

काशिनाथराव,

काम झालें. पोंगल झाल्यावर वेंकटरमण हात धुऊन मागें लागला. मी खुर्ची टाकून बसलें आणि तुमचें पत्र वाक्य वाक्य तमिळांत सांगितलें. मधून मधून तो "तुम्हांला कोणी सांगितलें" अशा नजरेनें पाही, मग मी कागद दाखवी. साबणाचें पाणी मीच लावलें. एका सांध्याला फेस आला तर मला परीक्षेंत पोरगा नक्कल करतांना सांपडल्यासारखा आनंद झाला.

पंप काढला तेव्हां मात्र मी आंत गेलें.

गाडी अजून धड चालत नाहीं. किल्ली फिरवली कीं इंजिन पेटतें, दोन चार खोकले देतें, मरतें. वेंकटरमणानें मिक्सर काढला, घातला, बुचें पुन्हां आंवळलीं, टायमिंग पुढें केलें, मागें केलें. मरतें तें मरतेंच. गॅस आहे, ठिणगी आहे, हवा आहे, आणखी काय हवें तिला, म्हणतो. तुम्हीच सांगा.

काढलेलें सामान तुम्हांकडे पाठविलें आहे. माझें म्हणणें होतें, गंजकें लोखंड कशाला पाठवायचें. पण वेंकटरमण ऐकेना. जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचे हा धंद्याचा नियम, नाहींतर गिऱ्हाईक म्हणेल विकून खाल्ले. तुमच्याकडेही असेंच असणार. गिऱ्हाईक तुम्ही, म्हणून तुम्हांला. पंप, इंजेक्टर, नळी, सगळें नीट गुंडाळून अथर्वच्या पत्र्याच्या पेटींत भरलें. खोलींत ती एकच मोकळी होती. पेटीही तुमचीच, एका दगडांत दोन वस्तू पोंचतील. जॉर्ज टाउनच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत वेंकटरमण स्वतः देऊन आला. तुमच्या वर्कशॉपचा पत्ता मीं ठळक अक्षरांत कागदावर लिहून दिला होता, तो त्यानें कडीला बांधला.

झांकणावर पांढऱ्या रंगानें त्याचें नांव गांव रंगविलेलें आहे. वेंकटरमण त्यावर काळा रंग मारणार होता. मीं मारूं दिला नाहीं.

आतां एथें फार शांत असतें.

विद्यालक्ष्मी


मिरज
२४ फेब्रुवारी २००७

विद्यालक्ष्मीबाई,

मी अथर्वची आई. पेटी पोचली.

वर्कशॉपवर नाही, घरी पोचली. कडीला बांधलेला कागद वाटेत कुठं गळून पडला कोण जाणे. टेम्पोवाल्यानं झाकणावरचं नाव वाचलं, गल्लीत दोन जणांना विचारलं आणि पेटी माझ्या दारात उतरवली. अथर्व काशिनाथ म्हैसाळकर, ब्राह्मणपुरी, मिरज. तो चेन्नईला निघाला तेव्हा मीच रंगाचा डबा धरून उभी होते. टेम्पोवाल्यानं सही मागितली, मी केली. टेम्पो गेला. मी पेटीकडे बघितलंच नाही, रस्त्याकडे बघत उभी राहिले. पेटी पुढे आली म्हणजे पोरगं मागनं येतंय, रिक्षात असेल, सामान जास्त झालं म्हणून टेम्पोत टाकलं असेल. दुपार उलटेपर्यंत उभी होते. शेजारची आत चला म्हणाली तर तिच्यावर ओरडले.

मग उघडली. पंप माझ्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. हात पुसायला म्हणून मी त्याला ते तुकडे फाडून दिले होते. पेट्रोलचा वास येईल वाटलं, तो नव्हता. खारा वास होता. मी समुद्र एकदाच बघितलाय, गोकर्णाला, पण वास ओळखला.

हे संध्याकाळी आले. मी विचारलं, हे काय? म्हणाले, पंप. कुठल्या गाडीचा? तर उंबऱ्यावरच खाली बसले. पायताणं पण काढली नव्हती. मग सगळं सांगितलं, तुमची पत्रं आणून पुढ्यात टाकली. रात्रभर वाचली मी.

तुम्हाला दोष देत नाही. देते, थोडा देते. दोन वर्षं तुमच्या शेडात माझ्या पोराची गाडी उभी आणि मी इथं प्रत्येक वेड्या माणसाच्या तोंडाकडे निरखून बघत फिरते. स्टँडवर, मिशन हॉस्पिटलच्या दारात. एकदा एकाला घरी आणून जेवायला घातलं, हे माहीत आहे का यांना? माहीत आहे. तेव्हाही बोलले नाहीत. त्यांच्याशी मी अजून धड बोलत नाही. भाकरी वाढते.

पत्र त्यासाठी नाही लिहिलं. मला एकच विचारायचंय, आणि खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका, तसलं सांगणारं माणूस घरात आहे. त्या दिवशी सकाळी तो पोटात काही घालून गेला होता का?

रत्नप्रभा


अण्णा नगर, चेन्नई
३ मार्च २००७

रत्नप्रभाबाई,

नाहीं.

खरें सांगा म्हणालांत म्हणून खरें सांगतें. कापी प्याला, उभ्यानें, एका हातांत हेल्मेट. मी म्हटलें, उपमा होतो आहे, थांब, दोन मिनिटें लागतील. "पाट्टी, आल्यावर खातो," म्हणाला, "गार करून ठेवा." गार उपमा त्याला आवडायचा, हें तुम्हांला ठाऊक असेल. मला हंसूं आलें. मी थांबविलें नाहीं. हात धरून बसविलें असतें तर बसला असता, तेवढा ऐकायचा माझें.

तुमच्या यजमानांस मी लिहिलें कीं आवाज आला कीं कापी करतें. सगळें लिहिलें नव्हतें. उपमाही करतें. दर वेळीं. झांकून ठेवतें, दुपारीं कावळ्यांस घालतें. एथें कावळ्यांस रोजच घालतात, त्यांत अशुभ कांहीं नाहीं, तुम्ही मनाला लावून घेऊं नका.

पेटीचें मात्र मला सोसत नाहीं. नांवावर काळा रंग मारूं दिला असता तर तुम्हीं तशा रस्त्यांत उभ्या राहिलां नसतां. मीं त्याचें नांव पुसूं नये म्हणून हट्ट केला आणि तो तुमच्यावर गेला.

अक्का म्हणा मला. वयानें मोठी आहें.

विद्यालक्ष्मी


मिरज
१८ मार्च २००७, रविवार

बाई,

आज पालाशविधी झाला. रत्नप्रभानंच दिवस ठरवला. तुमचं पत्र आलं त्या रात्री तिनं ते उशाशी घेतलं आणि सकाळी म्हणाली, "उपाशी गेला तो. गुरुजींना बोलवा." आणि त्या दिवशी माझ्या ताटात पहिल्यासारखं तूप वाढलं.

पंप कृष्णेत सोडायचा असंही तिनंच ठरवलं. मी तो पुसून साफ केला, आतलं खारं सगळं काढलं, वाळवला. दोन्ही तारा मी स्वतःच्या हातानं मुळापासून कापल्या होत्या. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवली.

पहाटे निघायच्या वेळची गोष्ट. बाहेर अंधारच होता. ती पायात चपला सरकवत होती, मी कुलूप शोधत होतो. तेव्हा पिशवीत वाजलं.

दोन सेकंद. घुं, आणि बंद.

मी आयुष्यभर पंप ऐकत आलोय, मला चूक होत नाही. मी पिशवीला हात लावला. गार होती. काही हलत नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं, की तिनं ऐकलं नसेल तर बोलायचंच नाही. तिनं ऐकलं होतं. घाबरली वगैरे नाही. कितीतरी दिवसांनी माझा हात धरला आणि म्हणाली, "चला. त्यानं किल्ली फिरवली."

घाटावर सगळं रीतसर झालं. पुतळ्याला अग्नी दिला. पंप तिनं नदीत सोडला, मी पायरीवर बसून राहिलो. रडलो, हे कुणाला तरी लिहून टाकावं म्हणून लिहितो.

रिलेबद्दल मी तुम्हाला जे लिहिलं ते बरोबर आहे. रिले तुमच्याकडे शेडात आहे, बॅटरीही तिथंच आहे.

गाडी पेटून लगेच का मरते त्याचं उत्तर मला अजून सापडलं नाही. वेंकटरमणला म्हणावं रेड्यूसर एकदा बदलून बघ, दुसरा पाठवतो.

काशिनाथ


अण्णा नगर, चेन्नई
१८ मार्च २००७, रविवार

काशिनाथराव आणि रत्नप्रभा, दोघांस,

आज तुमच्याकडे विधी, हें रत्नप्रभाच्या कार्डावरून ठाऊक होतें, म्हणून मीही लवकर उठलें आणि न्हाऊन दिवा लावला, तुळशीपाशींच. आज कोळी गाडी न्यायला येणार होते. चालत नसली तरी नेतों, तिकडेच दुरुस्त करूं म्हणाले होते. अजून उजाडलें नव्हतें तेव्हां ते टेम्पो घेऊन आले, बरोबर वेंकटरमण.

त्यानें टेम्पोवर चढवायच्या आधीं सवयीनें किल्ली फिरवली. कालपर्यंत जशी मरत होती तशीच मरेल म्हणून माझें लक्षही नव्हतें. मी चुलीपाशीं होतें. आणि इंजिन लागलें. खोकलें नाहीं, अडखळलें नाहीं. लागलें तें चालूंच राहिलें. त्याचा आवाज रविवारचाच, तोच. हातांतलें भांडें खालीं ठेवायला मला जागा सांपडेना.

बाहेर आलें तर वेंकटरमण गाडीपासून दूर उभा. "काय केलेंस?" म्हटलें. "कांहीं नाहीं अम्मा. रात्रीं हातही लावला नव्हता." दिवाळीपासून पहिला आवाज ऐकून मी दुसऱ्याची वाट पाहत होतें. आज पहिला आलाच नाहीं, येणार कुठून, पंप तुमच्याकडे. नुसता दुसराच आला. तुम्ही घाटावर जायला घरांतून कधीं निघालां तें लिहा. उजाडलें होतें कां?

गाडी चालत होती म्हणून कोळ्यांना घाई झाली. टेम्पो नको, चालवतच नेतों म्हणायला लागले. जो चालविणार होता तो बसलाही, एका हातानें हेल्मेट घालायला लागला आणि मला म्हणाला, "येतों अम्मा."

रत्नप्रभा, मी गाडीसमोर जाऊन उभी राहिलें. इंजिन बंद करविलें. उपमा आधींच करून ठेवला होता, गार. सगळ्यांना ओळीनें पायरीवर बसविलें, त्यालाही, आणि त्याचें पान रिकामें होईपर्यंत तिथून हललें नाहीं.

तुमची
अक्का